सातशे सात

बाबांचं गणित चुकलं आहे, असं तिला आधी वाटलं. ते चुकलेलं नाही हे कळायला आणखी दहा मिनिटं लागली.

सकाळचे दहा वाजून गेले होते. जेवणाच्या टेबलावर बाबांची शेवटची प्रयोगवही उघडी होती. बाबांना जाऊन पाच आठवडे झाले होते. संस्थेने वही परत मागितली होती आणि ती उद्या नेऊन द्यायची होती. त्याआधी वहीतले आकडे बाबांच्या अर्ध्यावर राहिलेल्या लेखाशी ताडून पाहायचे, एवढं काम तिने आपणहून अंगावर घेतलं होतं. ती एका प्रकाशनसंस्थेत मुद्रितशोधक होती. रसायनशास्त्र तिला येत नव्हतं, पण गेली सोळा वर्षं बाबांचा प्रत्येक लेख छापायला जाण्याआधी तिच्या नजरेखालून गेला होता. स्वल्पविराम, तळटीपा, तक्त्यांतले आकडे. "तपासनीसबाईंनी सोडलं म्हणजे जगाने सोडलं," असं बाबा म्हणायचे आणि तिने खुणा केलेल्या चुका निमूटपणे दुरुस्त करायचे.

बाबांचं सगळं आयुष्य पाण्यात गेलं, अशी आई थट्टा करायची. ते खरंच होतं. उन्हाच्या जोरावर पाण्यापासून इंधन करायचं, तर आधी पाण्यातून प्राणवायू सुटा करावा लागतो, आणि तिथेच सगळ्यांचं घोडं अडतं. झाडाचं पान हे काम दिवसभर बिनबोभाट करत असतं. बाबा त्यासाठी एक रेणू घडवत होते. मधोमध एका जड धातूचा अणू, त्याला तीन बाजूंनी धरून ठेवणाऱ्या कड्या, आणि एका बाजूला पाण्यासाठी राखून ठेवलेली जागा. "पाणी हट्टी असतं," ते तिला सांगायचे. "त्याच्याकडून चार इलेक्ट्रॉन काढून घ्यायचे, एकामागून एक. आणि काढणाऱ्याने त्यात स्वतः जळून जायचं नाही. काम उरकून जो पुन्हा होता तसा उभा राहतो, त्याला उत्प्रेरक म्हणायचं."

तो रेणू धनभाराचा. एकटा तो बाटलीत राहत नाही. त्याला ऋणभाराचा जोडीदार लागतो, मग दोघांचे मिळून स्फटिक होतात. जोडीदार दोन. पहिला गुणी, पण आडमुठा. स्फटिक धरायला महिना लावेल, कधी डिंकासारखा चिकट होऊन बसेल, पण कुणाचं वाईट करणार नाही. दुसरा परक्लोरेट. त्याच्याबरोबर स्फटिक पहिल्याच फटक्यात येतात, सुयांसारखे लखलखीत. फक्त ते पुरते वाळले आणि कुणी खरवडले, तर स्फोट होऊ शकतो. दर वेळी होतो असं नाही. शंभरदा होत नाही आणि माणूस निर्धास्त होतो.

एवढं सगळं तिला ठाऊक होतं, कारण एवढं सगळं तिने छापील कागदावर तपासलं होतं.

शेवटच्या नोंदीत नाव गुणी जोडीदाराचं होतं. सुरुवात साडेतीन मिलिमोलची. मिळालेलं वजन दोन पूर्णांक बारा ग्रॅम. उतारा, म्हणजे अपेक्षेपैकी हाती आलेला भाग, शेकडा शहाऐंशी. सवयीने तिने कॅल्क्युलेटर ओढला. त्या जोडीच्या क्षाराचा रेणुभार सातशे अठ्ठ्याण्णव. भागाकार केला तर उतारा शहात्तर आला. पुन्हा केला. शहात्तरच. दहा टक्क्यांची चूक बाबांनी शुद्धीत असताना केली नसती. शेवटच्या महिन्यात औषधांमुळे त्यांना मधूनच गुंगी यायची. तेच असेल, असं म्हणून ती पान उलटणार होती. पण चूक कुठे झाली ते सापडल्याशिवाय पुढे जायचं नाही, ही तिच्या धंद्याची खोड. तिने गणित उलटं केलं. कोणत्या आकड्याने भागलं तर शहाऐंशी येतात?

सातशे सात.

हा आकडा तिला घरच्या फोन नंबरासारखा पाठ होता. सात वर्षांपूर्वीपर्यंत तो बाबांच्या प्रत्येक लेखात असायचा, आणि त्याच्या खाली तळटीपेत 'सावधान' या शब्दाने सुरू होणारी दोन वाक्यं. सात वर्षांपूर्वी बाबांच्या प्रयोगशाळेत चिमूटभर पूड उडाली. कपाटाची काच फुटली आणि एका संशोधकाला महिनाभर डाव्या कानाने ऐकू आलं नाही. त्या दिवशी बाबा जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच्या हाताने एक कागद लिहून दारावर चिकटवला: 'परक्लोरेट या खोलीत येणार नाही.' तेव्हापासून तळटीप गेली, आणि सातशे सातही गेला.

आता या नोंदीत नाव एकाचं होतं आणि रेणुभार दुसऱ्याचा. नाव बाबांनी इतरांनी वाचायला लिहिलं होतं. भागाकार मात्र खऱ्या आकड्याने केला होता, कारण खोटा आकडा घेऊन गणित करणं त्यांच्या हातून झालंच नसतं.

नोंदीच्या खाली एकच ओळ होती. 'गाळण्यासकट डेसिकेटरमध्ये. भिंगरीसाठी.' डेसिकेटर म्हणजे आतला ओलावा शोषून घेणारं जाड काचेचं झाकणाचं भांडं. त्यात ठेवलेली वस्तू दिवसेंदिवस सुकत जाते. नोंद ज्या तारखेची होती, त्याच्या दुसऱ्या दिवशी बाबांना इस्पितळात नेलं होतं. म्हणजे ती पूड नऊ आठवडे वाळत होती.

भिंगरी ही बाबांची शेवटची विद्यार्थिनी. पायाला भिंगरी लावल्यासारखी सतत धावपळ, म्हणून बाबांनीच ठेवलेलं नाव. काल संध्याकाळी तिचा फोन आला होता. "ताई, उद्या अकरा वाजता सरांची शेवटची पूड बाहेर काढते. शुक्रवारी प्रबंध द्यायचाय आणि सगळी शेवटची मोजमापं तिच्यावरच घ्यायची आहेत. सर नाहीत, पण बघा ना, माझं काम करूनच गेले." बोलता बोलता ती रडली होती आणि मग स्वतःलाच हसली होती.

भिंतीवरच्या घड्याळात दहा चौतीस झाले होते.

तिने भिंगरीचा नंबर लावला. वाजत राहिला. प्रयोगशाळेत मोबाइल न्यायचा नाही, दाराबाहेरच्या खणात ठेवायचा, हाही बाबांचाच नियम. मग प्रयोगशाळेचा नंबर लावला आणि चौथ्या घंटेला तिच्या लक्षात आलं की हा फोन बाबांच्या खोलीत आहे, आणि बाबांच्या खोलीला कुलूप आहे. बंद खोलीत टेबलावर फोन वाजतोय, हे तिला डोळ्यांसमोर दिसलं. तिने तो पटकन बंद केला. काचवाले काका उरले. संस्थेतली सगळी काचेची भांडी फुंकून घडवणारे, बाबांचे तीस वर्षांचे मित्र. पण त्यांच्या ज्योतीच्या फुरफुरण्यापुढे फोन कधीच ऐकू येत नसे. आजही आला नाही.

"काय गं?" आई आतून कपड्यांची बादली घेऊन आली. "पांढरीफटक का पडलीस?"

"काही नाही. वहीत एक चूक आहे."

"त्यांच्या वहीत?" आई हसली. पाच आठवड्यांत पहिल्यांदा हसली असेल. "मग जगबुडीच म्हणायची."

"मी संस्थेत जाऊन येते."

"उद्या जाणार होतीस ना? अगं, चपला तरी नीट घाल!"

संस्था घरापासून चालत बारा मिनिटांवर होती. गाडीच्या किल्ल्या शोधण्यात वेळ जाईल म्हणून ती धावत निघाली. वही छातीशी धरलेली. कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानापाशी तिला दम लागला आणि दमाबरोबर शंकाही आली. समजा, आपलं चुकलं असेल तर? गुंगीतल्या माणसाने जुना पाठ झालेला आकडा लिहिला असेल. मग ती धापा टाकत जाऊन सगळ्यांसमोर सांगणार की माझ्या बाबांनी वहीत खोटं लिहिलं. ज्या माणसाच्या शोकसभेत तीन जणांनी 'सचोटी' हा शब्द वापरला, त्याच्याबद्दल. ती क्षणभर चालायला लागली. मग भिंगरीचे हात आठवले. इस्पितळात बाबांच्या उशाशी बसून संत्र्याची फोड न फोड सोलणारे, बोटांची नखं कुरतडलेली. ती पुन्हा धावली.

संस्थेच्या लांब व्हरांड्यात काचवाले काका चहाचा पेला घेऊन उभे होते. तिला बघून त्यांचा चेहरा फुलला.

"ये गं पोरी. वही घेऊन आलीस? उद्या..."

"काका, भिंगरी कुठे?"

"आत. सकाळपासून काचा पुसतीये नि भांडी धुतीये. सरांची पूड म्हणजे काय—"

"डेसिकेटर उघडला का तिने?"

काकांनी तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि पेला खिडकीत ठेवला. "मघाशीच. का?"

ती दाराकडे वळली. दारावर बाबांच्या अक्षरातला तो कागद पिवळा पडून अजून चिकटलेला होता. तिने तो वाचला नाही. दार मात्र हळू उघडलं. जोरात उघडायचं नाही, एवढं तिला कुठूनतरी सुचलं.

भिंगरी धूर-कपाटापाशी, म्हणजे वाफा बाहेर ओढून घेणाऱ्या काचेच्या कपाटापाशी उभी होती, दाराकडे पाठ करून. डाव्या हातात काचेचं गाळणं, उजव्या हातात स्टीलची चपटी पट्टी. पुढची काच डोक्याच्या वर सरकवलेली, म्हणजे तिचं तोंड आणि ते गाळणं यांच्यामध्ये काहीच नव्हतं.

"भिंगरी, हलू नकोस."

"ताई?" ती वळायला लागली.

"वळू नकोस! आहेस तशी उभी राहा. हात हलवू नकोस."

"अहो काय झालं? घाबरवताय काय?"

"ती पूड परक्लोरेट आहे."

भिंगरी हसली. खरोखर हसली. "काहीतरीच काय, ताई. लेबल आहे ना त्यावर. सरांच्या हातचं."

"लेबल चुकीचं आहे."

"सरांचं लेबल?" आता तिच्या आवाजात राग होता. "सरांचं लेबल कधी चुकलंय? सात वर्षांत या खोलीत परक्लोरेट आलेलं नाही. मला एकदा नुसतं विचारलं म्हणून सरांनी तासभर झापलं होतं."

तिच्या लक्षात आलं की आता खरी अडचण आहे. भिंगरीला स्फोटाची माहिती तिच्याहून जास्त होती. फक्त बाबांवर तिचा जो विश्वास होता, तो मधे भिंतीसारखा उभा होता. ती भिंत पाडल्याशिवाय हात थांबणार नव्हता. पट्टीचं टोक कुठे आहे ते तिला मागून दिसत नव्हतं.

"दोन पूर्णांक बारा ग्रॅम," ती म्हणाली. "सुरुवात साडेतीन मिलिमोलची. उतारा त्यांनी शहाऐंशी लिहिलाय. कर भागाकार."

भिंगरीची मान थोडी झुकली. तोंडी गणितात ती पटाईत होती. बाबा कौतुकाने सांगायचे.

"शहात्तर येतात," भिंगरी म्हणाली.

"हो."

"मग शहाऐंशी..." तिने मनात भागाकार उलटा केला. "सातशे सात."

"बाबांनी खोटं लिहिलं, भिंगरी. मुद्दाम लिहिलं. त्यांना माहीत होतं."

बोलल्यावर तिला वाटलं, आपण हे वाक्य कुणा दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं.

भिंगरीच्या पाठीवरचा पांढरा कोट हलायला लागला. "ताई, पट्टी आत अडकलीये."

"म्हणजे?"

"पूड काचेला घट्ट बसली होती. एकदा खरवडली. आता टोक खपलीच्या खाली गेलंय. बाहेर काढली तर घासेल." तिचा आवाज एकदम लहान मुलीसारखा झाला. "आणि माझा हात थरथरतोय."

काचवाले काका मागे येऊन उभे होते. ते पुढे झाले आणि भिंगरीच्या उजव्या मनगटाखाली आपला हात आधाराला लावला. आयुष्यभर ज्योतीपाशी भाजून त्यांच्या बोटांची टोकं गुळगुळीत झाली होती. "मी तुझा हात धरलाय," ते म्हणाले. "आता तो माझा आहे. तू फक्त डोळे मीट."

"काका, तुम्ही बाजूला व्हा," भिंगरी म्हणाली.

"गप गं. काचेचं गाळणं माझंच आहे. फुटलं तर मलाच नवीन करायचंय."

"ओलं करायला हवं," भिंगरी डोळे मिटून म्हणाली. "ओलं झालं की जोर जातो. ताई, तुम्हीच करा. माझे दोन्ही हात..."

समोरच्या फळीवर पिचकारीच्या चार-पाच प्लॅस्टिक बाटल्या होत्या. तिने हाताला लागली ती उचलली.

"ती नको!" भिंगरीने डोळे उघडले होते. "ते द्रावक आहे, त्याने रेणूच नासेल. पाण्याच्या जागेवर ते जाऊन बसतं."

"नासू दे!" ती ओरडली. "नासू दे ना, तुझे डोळे महत्त्वाचे की तुझा प्रबंध?"

"पोरींनो," काका म्हणाले, "भांडण मागाहून करा. ते पेटणारं आहे. भडका उडायच्या जागी पेटणारं कशाला ओतता? पाणी घे."

निळ्या झाकणाची बाटली. तिने ती उचलली तेव्हा बाटली हातातून निसटेल असं वाटलं, म्हणून दोन्ही हातांनी धरली. ती पुढे गेली. आता तिला गाळणं दिसलं. तळाशी विटकरी रंगाची खपली, आणि काठाकाठाने सुयांसारखे स्फटिक, इतके रेखीव की क्षणभर तिला बाबांचा आनंद कळला. खपलीच्या मधोमध एक पांढुरकी रेघ. पहिल्यांदा खरवडलं होतं ती. पट्टीचं टोक त्या रेघेच्या टोकाशी रुतलेलं.

"धार सोडू नका," भिंगरी कुजबुजली. "काचेच्या भिंतीवरून. एकेक थेंब."

तिने बाटली दाबली. पहिला थेंब काचेवरून घसरला आणि खपलीच्या कडेला पोचला. तिथला रंग गडद झाला. दुसरा थेंब. तिला स्वतःच्या श्वासाचीही भीती वाटत होती; श्वास सोडला तर हात हलेल. भिंगरीच्या गालावरून घाम ओघळून हनुवटीशी लोंबत होता आणि तो गाळण्यात पडेल की काय, असं तिला वाटलं. मग वाटलं, पडला तर पडू दे, तेही पाणीच. सहावा, सातवा. ओल मधल्या रेघेपर्यंत येऊन थांबली. पुढे सरकेना. वाळलेला भाग पाणी घ्यायला तयार नव्हता. थेंब त्याच्यावर गोल होऊन बसला, डळमळला, आणि तसाच राहिला.



तिने आणखी एक थेंब सोडला. दोन्ही थेंब एक झाले. एक झालेला थेंब डगमगला आणि हळूच पट्टीच्या टोकाशी शिरला. विटकरी रंग आत आत काळसर होत गेला. तिने मोजणं सोडून दिलं आणि थेंब सोडत राहिली, तळाशी बोटभर लालसर पाणी साचेपर्यंत.

"आता थांबायचं," भिंगरी म्हणाली. "दहा मिनिटं. कुणी काही करायचं नाही."

ती दहा मिनिटं तिघं एकमेकांना चिकटून उभी होती, एखाद्या जुन्या कौटुंबिक फोटोतल्यासारखी. नंतर पट्टी आपोआप सुटल्यासारखी बाहेर आली. भिंगरीने गाळणं घडी केलेल्या टॉवेलवर ठेवलं, कपाटाची काच खाली ओढली, आणि जमिनीवर बसून हातमोजे काढायला लागली. ते निघेनात. काकांनी लहान पोराचे काढावेत तसे काढून दिले.

तपासणी दुपारी झाली. त्या लालसर पाण्याचा एक थेंब, तोही वाळल्यावर दिसेल न दिसेल एवढा, भिंगरीने अवरक्त किरणांच्या यंत्राखाली धरला. पडद्यावर रेघ उमटत गेली. गुणी जोडीदार असता तर आठशे चाळीसपाशी खोल दरी पडली असती. तिथे रेघ सपाट होती. अकराशेपाशी मात्र रुंद, बेढब खड्डा पडला, परक्लोरेटची खूण. भिंगरीने त्यावर बोट ठेवलं. तेव्हा तिला कळलं, की आपण इतका वेळ आपलंच चुकलेलं निघावं म्हणून जीव मुठीत धरून बसलो होतो.

"नोव्हेंबरात तीनदा डिंक झाला होता," भिंगरी म्हणाली. "चौथ्यांदा सर म्हणाले, तू घरी जाऊन प्रबंध लिही, स्फटिक मी काढतो. मी म्हटलं, सर, तुम्हाला उभंही राहवत नाही. तर म्हणाले, बसून काढतो." तिने नाक पुसलं. "आधी परक्लोरेटने शुद्ध करून घेऊ, मग जोडीदार बदलू, असं असणार त्यांच्या मनात. एका दिवसाचं काम होतं."

"मग राहिलं."

"राहिलं."

संस्थेचे सुरक्षा अधिकारी फॉर्म घेऊन आले. त्यांना सगळे हेल्मेटसाहेब म्हणत, कारण ते कॅन्टीनमध्येही डोक्यावरचं हेल्मेट काढत नसत. आज त्यांनी ते काढून काखेत धरलं होतं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, गाळणं लांबून पाहिलं, आणि फॉर्ममधल्या 'कारण' या रकान्यात लिहायला सुरुवात केली. मग पेन थांबवून तिच्याकडे पाहिलं.

"मी असं लिहितो: 'नजरचुकीने चुकीचे लेबल.' ठीक आहे? आजारी होते ते. उगीच आता त्यांच्या नावाला..."

"हो, तसंच लिहा," भिंगरी घाईने म्हणाली. "नजरचूकच होती. नाही का, ताई?"

चांगलं वाक्य होतं. तीन शब्द, व्याकरणात निर्दोष. तिच्या जागी दुसरा कुणी मुद्रितशोधक असता तर त्यानेही सोडलं असतं. तिने मान हलवायची तयारी केली आणि तेवढ्यात तिची नजर भिंतीवरच्या फळीवर गेली. फळीवर लहान लहान कुप्या होत्या, चार ओळींत, प्रत्येकीवर बाबांच्या अक्षरातलं लेबल.

"या किती आहेत?"

"एकेचाळीस," भिंगरी म्हणाली. "सरांचे सगळे जुने नमुने."

"यातल्या तू वापरतेस?"

"रोजच. दोन-तीन तरी. तुलनेला लागतात."

"उघडताना काय बघतेस?"

"लेबल."

पुन्हा तेच. सकाळची भीती गेली असं तिला वाटलं होतं. ती गेली नव्हती. फळीवर चार ओळींत मांडून ठेवलेली होती. नजरचूक म्हटलं की चूक एका गाळण्यापुरती. मग उद्यापासून भिंगरी पुन्हा लेबल वाचून कुप्या उघडणार, आणि तिच्यानंतर येणारे तिच्याहून निर्धास्तपणे उघडणार.

"नजरचूक लिहू नका," ती म्हणाली. "लिहा, की नमुना तयार करणाऱ्याने वहीत आणि लेबलावर जाणूनबुजून दुसरं नाव लिहिलं. तसं आधीही केलं असण्याची शक्यता आहे, असंही लिहा."

भिंगरीने तिच्याकडे असं पाहिलं की तिला तोंड फिरवावंसं वाटलं. "ताई, तुमचे बाबा आहेत ते."

"म्हणूनच मला वाचता आलं."

काचवाले काका खिडकीबाहेर बघत होते. त्यांनी वळून पाहिलं नाही. हेल्मेटसाहेबांनी लिहिलेलं खोडलं, नवीन लिहिलं, आणि फॉर्म तिच्यापुढे सहीसाठी धरला. सही करताना तिचं अक्षर तिलाच ओळखू आलं नाही.

मग काम सुरू झालं. कपाटातून बाबांच्या एकोणीस वह्या काढून बाहेरच्या टेबलावर रचल्या. कुणी फळीला हात लावायचा नाही. भिंगरी दारात उभी राहून लांबूनच लेबलावरचा क्रमांक आणि तारीख वाचणार, आणि टेबलापाशी बसलेली ती वहीतून नोंद शोधणार, वजन घेणार, उतारा घेणार, आणि उलटा भागाकार करून बघणार. नाव वाचायचंच नाही, असं त्यांनी ठरवलं. भिंगरीचा आवाज कोरडा होता. दुपारपासून ती तिच्याशी कामापुरतंच बोलत होती.

पहिली कुपी. सातशे अठ्ठ्याण्णव. दुसरी. सातशे अठ्ठ्याण्णव. आकडा बरोबर आला की ती पुढचं पान काढायची. पाचवी, सहावी, सातवी. सगळ्या सरळ. नवव्या कुपीनंतर काकांनी चहा आणला आणि ती पहिल्यांदा मनात म्हणाली, एकदाच. फक्त एकदाच केलं त्यांनी, शेवटी, या पोरीसाठी, वेळ उरला नाही म्हणून. एवढं तर माफ करता येईल.

दहावी सरळ आली. अकरावी सरळ आली.

बाराव्या कुपीची नोंद तीन वर्षांपूर्वीची होती. तेव्हा बाबा ठणठणीत होते. सकाळी फिरायला जायचे, आईशी वर्तमानपत्रावरून भांडायचे. अक्षर ठळक, एकही खाडाखोड नाही. तिने वजन घेतलं, उतारा घेतला, भागाकार केला. कॅल्क्युलेटरवरचे सगळे आकडे पुसले. पुन्हा पहिल्यापासून केला.

"काय झालं?" दारातून भिंगरीने विचारलं.

काका चहाचा पेला ओठांशी नेऊन तसेच थांबले होते.

"बारावी," ती म्हणाली. "तिला हात लावायचा नाही."

भिंगरी काही क्षण फळीकडे बघत उभी राहिली. मग तिने आपल्या उजव्या हाताकडे बघितलं.

"मागच्या आठवड्यात मी तीच उघडली होती," ती म्हणाली. "झाकण घट्ट बसलं होतं. टेबलाच्या कडेवर आपटून काढलं."

काकांनी पेला खाली ठेवला आणि पाण्याची बाटली आणायला आत गेले. तिने तेराव्या कुपीचं पान काढलं.